प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी की साधी भागीदारी? आधी सासूबाईंना विचारा

प्रश्न थोडक्यात असा. जयसिंगपूरजवळ तिघं मिळून कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सुरू करताहेत. विचारणारे गृहस्थ नोकरी सोडून पूर्णवेळ उतरणार आणि ५ लाख घालणार. त्यांचा मेहुणा पैसे घालणार नाही, पण मिरची खरेदी, भाजणं, कांडप, बायका-मजूर हे सगळं तो बघणार आणि घरामागची शेड देणार. तिसरा मित्र पुण्यात आयटीत आहे. तो १२ लाख देतोय, वेळ देऊ शकत नाही. गेल्या उन्हाळ्यात ४०० किलो मसाला ६०० रुपये किलोने ओळखीपाळखीत खपला. यंदा ६० लाखांची उलाढाल धरली आहे आणि कांडप मशीन, पॅकिंग मशीनसाठी बँकेकडून १५ लाख घ्यायचे आहेत. एकाने सांगितलं, प्रायव्हेट लिमिटेडच करा, वजन पडतं. दुसऱ्याने सांगितलं, एलएलपी करा, कर वाचतो. तिसरा म्हणाला, पाचशेच्या स्टॅम्पवर भागीदारी करून टाका, कशाला डोक्याला ताप. पाकिटांचं डिझाइन तयार आहे, छपाईवाला ॲडव्हान्स मागतोय. तर आमच्यासाठी बरोबर काय?

मी कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत बसतो. बावीस वर्षं सीएची प्रॅक्टिस आहे. गूळ, चप्पल, फाउंड्री, मसाले, असे सगळे हिशेब टेबलावरून गेलेत. हा प्रश्न महिन्याला दोनदा तरी येतो आणि दर वेळी मी उत्तर देण्याआधी एक कोरा कागद पुढे ढकलतो. त्यावर धंद्यात कोण काय आणतंय ते लिहायचं. तुमच्या प्रश्नावरून तो कागद मीच भरला. तुम्ही: ५ लाख आणि पूर्ण वेळ. मेहुणा: पूर्ण वेळ आणि शेड. मित्र: १२ लाख. मग तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य परत वाचलं: ‘मसाला मेहुण्याच्या आईच्या हातचा आहे, प्रमाण त्यांनाच ठाऊक, आणि शेडही त्यांच्याच नावावर आहे.’

म्हणजे तुमच्या सासूबाई. चव त्यांची, जागा त्यांची, आणि तिघांच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नाही. हा कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा मोठा घोळ आहे, आणि कंपनी काढलीत तरी तो तसाच राहणार.

तुम्हाला वाटतंय प्रश्न तीन नावांतून एक निवडायचा आहे. माझ्या अनुभवात धंदा फुटतो तो चुकीचं नाव निवडल्यामुळे क्वचितच. तो फुटतो तिसऱ्या वर्षी, नफा दिसायला लागल्यावर. पैसेवाला म्हणतो, ‘माझ्या बारा लाखांवर उभं राहिलं हे.’ राबणारा म्हणतो, ‘पहाटे पाचला धुरात मी उभा होतो.’ जागावाला म्हणतो, ‘दुसरीकडे भाडं भरलं असतंत तर कळलं असतं.’ तिघंही खरं बोलत असतात. सुरुवातीला ‘तिघांत सारखा नफा’ असं लिहून पैसा, श्रम आणि जागा एकाच पातेल्यात ओतलेलं असतं, आणि आता ते वेगळं कसं करायचं?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी चारही गोष्टींचा मोबदला वेगळा बांधायला लावतो. पैशाला व्याज. आयकर कायदा भागीदाराच्या भांडवलावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत व्याज खर्च म्हणून मान्य करतो, तेवढं करारात लिहा. राबण्याला मेहनताना, दरमहा, फक्त तुम्हा दोघांना. जागेला भाडं, आणि ते सासूबाईंच्या खात्यात, रीतसर नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराने. चवीला किलोमागे दोन-चार रुपये रॉयल्टी, नाहीतर सासूबाईंना छोटा हिस्सा. हे सगळं दिल्यावर जे उरेल तो नफा. तो मग तिघांत सारखा वाटलात तरी कुणाच्या पोटात दुखत नाही.

शेडीचं एक सांगून ठेवतो. कुणीतरी सुचवेल की शेड भांडवल म्हणून आणा, म्हणजे मेहुण्याचाही आकडा दिसेल. नका करू. एक तर ती त्याची नाहीच. आणि स्थावर मालमत्ता भांडवल म्हणून आत आणली की कायद्याच्या नजरेत ते हस्तांतर होतं, मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्याचा कर दोन्ही मागे लागतात. भाड्याने घ्या. ती शेड बिनशेती जागेवर आहे की सातबाऱ्यावरच्या शेतात, हेही आत्ताच बघा, कारण बँकेचा माणूस पाहणीला आला की पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता नावांकडे वळू.

साधी भागीदारी १९३२ च्या कायद्याने चालते. स्वस्त आहे, लवचिक आहे, आणि आमच्या भागातले निम्मे जुने धंदे त्यावरच उभे आहेत. मी तिला नाकं मुरडणारा नाही. पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या लोक सही करताना वाचत नाहीत. पहिली: धंद्याच्या कामात एका भागीदाराने केलेल्या व्यवहाराला बाकीचे सगळे बांधलेले असतात, आणि फर्मच्या देण्यापोटी प्रत्येकाची घरची मालमत्तासुद्धा धरता येते. वाट्यापुरती नाही, सगळ्या देण्यापोटी. उद्या मेहुण्याने संकेश्वरच्या व्यापाऱ्याकडून आठ लाखांची मिरची उधारीवर उचलली आणि हंगाम फसला, तर तो व्यापारी थेट पुण्याच्या मित्राच्या दारात उभा राहू शकतो. मित्राला मिरचीतलं काहीही कळत नसलं तरी. ‘मी फक्त पैसे घातले होते, मी स्लीपिंग पार्टनर आहे’ हे म्हणणं घरी चालतं, कोर्टात चालत नाही.

दुसरी: नोंदणी. भागीदारी फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून लोक करत नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम ६९ सांगतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. माझ्याकडे दोन भाऊ यायचे, लोणची-पापडवाले. एका डीलरने त्यांचे पावणेचार लाख थकवले. वकिलाने दावा दाखल केला. समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला नोंदणीचा दाखला मागितला. दाखला नव्हता. दावा लावल्यावर नोंदणी करून भागत नाही. आधी नोंदणी, मग नवा दावा, आणि तोही तीन वर्षांच्या मुदतीत. त्यांची मुदत तोपर्यंत सरली होती. पैसे गेले ते गेले, वर त्या डीलरने पुढच्या दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला. धाकटा भाऊ तो पुडा घेऊन माझ्या ऑफिसात आला होता, काय करू म्हणून.

आणि नोंदणी एकदा करून संपत नाही. भागीदार बदलला की तो बदल रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे कळवावा लागतो. दावा लावणाऱ्याचं नाव त्या रजिस्टरमध्ये भागीदार म्हणून असावं लागतं. कैक फर्मच्या रजिस्टरवर अजून आजोबांचं नाव आहे.

एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, २००८ च्या कायद्याने आलेली. आतून ती भागीदारीसारखीच चालते: करारात काय लिहिता ते महत्त्वाचं, नफ्याचं प्रमाण तुमचं तुम्ही ठरवता, बैठकांचे सोपस्कार नाहीत. बाहेरून ती वेगळी व्यक्ती आहे. देणं एलएलपीचं, भागीदाराचं नव्हे. त्याने स्वतः काही गैर केलं किंवा फसवणूक केली तर तो स्वतः अडकतो, पण दुसऱ्याच्या चुकीसाठी त्याचं घर जात नाही. तुमच्या पुण्याच्या मित्रासाठी हा एकच मुद्दा निर्णायक आहे. जो माणूस रोज गल्ल्यावर बसणार नाही, त्याला अमर्याद जबाबदारीत ओढणं मला बरोबर वाटत नाही, तो मित्र असला तरी. असला म्हणूनच.

पण ‘मर्यादित जबाबदारी’ या शब्दावर फार भाळू नका. त्याला तीन भोकं आहेत. बँक १५ लाख देताना भागीदारांची किंवा संचालकांची वैयक्तिक हमी लिहून घेते. त्या कर्जापुरती तुमची मर्यादा त्या सहीबरोबर संपली, मग पाटीवर एलएलपी असो की प्रायव्हेट लिमिटेड. दुसरं भोक जीएसटीचं. वसुलीच्या प्रकरणात जीएसटी कायदा एलएलपीला फर्मच धरतो, त्यामुळे थकलेला कर भागीदारांकडून वसूल होऊ शकतो. कंपनीच्या बाबतीत संचालकांवर येतो, आपल्या निष्काळजीपणामुळे तो बुडालेला नाही हे त्यांनी सिद्ध केलं तरच सुटका. तिसरं भोक तुमच्या धंद्याचं खास: अन्न सुरक्षा. मसाल्यात रंग सापडला तर कारवाई संस्थेबरोबर जबाबदार माणसावरही होते. तिथे कुठलाही पडदा आड येत नाही. मग उरतं काय? व्यापाऱ्यांची उधारी, भाडं, वाहतूकवाल्यांची बिलं, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा भरपाईचा दावा. तुमच्या धंद्यात हे कमी नाही. मिरचीची खरेदी वर्षातून दोन-तीन महिन्यांत उरकते आणि ती बहुतेक उधारीवरच असते.

मित्राला हमीच्या कागदावर सही करायची नसेल तर ते बँकेत जाण्याआधी ठरवा. मॅनेजरच्या केबिनमध्ये ठरवू नका.

आता कंपनी. प्रायव्हेट लिमिटेडचं आकर्षण मला समजतं. व्हिजिटिंग कार्डावर बरं दिसतं, आणि जाहिराती म्हणतात सात हजारांत कंपनी, आठवड्यात. सात हजारांत कंपनी निघते हे खरं आहे. मुद्दा ती पुढे पोसण्याचा आहे. उलाढाल शून्य असली तरी दर वर्षी ऑडिट. संचालक मंडळाच्या बैठका, त्यांची इतिवृत्तं, वार्षिक सभा. मग ताळेबंदाचा फॉर्म आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म. प्रत्येक फॉर्मला उशिरासाठी रोजचे शंभर रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार, आणि ते एकाच वर्षाचे. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरवरून काढल्या आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवले, तेव्हा माझ्या ऑफिसात रांग लागली होती. त्यातले बरेच जण चोर नव्हते. कुणाच्या तरी सांगण्यावरून कंपनी काढली, धंदा चालला नाही, आणि ‘बंद पडली’ असं समजून विसरून गेले. कंपनी अशी आपोआप बंद पडत नाही. तिचा मीटर चालू राहतो.

कंपनीची दुसरी अडचण घरगुती धंद्यांना जास्त नडते: पैसा आत-बाहेर करणं. भागीदारीत तुम्ही मुलाच्या फीसाठी भांडवलातून वीस हजार उचलले तर वहीत एक नोंद होते, विषय संपला. कंपनीत ते पैसे तुमचे नाहीतच. संचालकाला कर्ज देण्यावर बंधन आहे, आणि भागधारकाने उचललेली रक्कम आयकरात लाभांश समजली जाऊ शकते. उलट बाजूनेही तेच. हंगामात चार लाख कमी पडले आणि शेजारच्या मित्राने हातउसने दिले, तर कंपनीच्या दृष्टीने ती ठेव ठरते, आणि अशा ठेवी घ्यायला प्रायव्हेट कंपनीला मोकळीक नाही. फर्म किंवा एलएलपी ते घेऊ शकते, बँकेतून घेतले म्हणजे झालं. मसाल्याच्या धंद्यात मार्च ते मे हातउसने लागत नाहीत असा माणूस मी पाहिलेला नाही.

कर वाचतो म्हणून एलएलपी करा, असं ज्याने सांगितलं त्याला विचारा कसा ते. साधी फर्म आणि एलएलपी यांचा कर अगदी एकच आहे: ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. (नफा एक कोटीच्या पुढे गेला की अधिभार, ती चिंता आज नको.) कंपनीने सवलती सोडून कमी दर निवडला तर सगळं धरून सुमारे २५.१७ टक्के. आकडा ऐकून कंपनी स्वस्त वाटते. तुमच्याच आकड्यांवर करून बघू.

समजा पहिल्या पूर्ण वर्षात भागीदारांना काही देण्याआधीचा नफा ९ लाख झाला. भांडवल १७ लाख, त्यावर १२ टक्के व्याज २,०४,०००. उरले ६,९६,०००. यातून राबणाऱ्या भागीदारांचा मेहनताना किती मान्य होतो याचं सूत्र आहे: पहिल्या ६ लाखांचे ९० टक्के, वरच्या रकमेचे ६० टक्के. म्हणजे ५,४०,००० अधिक ५७,६००, एकूण ५,९७,६००. तो तुम्ही आणि मेहुणा वाटून घेता, प्रत्येकी तीन लाखांच्या आत. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या कर-पद्धतीत त्यावर कर शून्य. फर्मकडे उरले ९८,४००, त्यावर कर सुमारे ३०,७००. नऊ लाखांवर फर्मचा कर एकतीस हजारांच्या आत. मित्राला भांडवलावरचं १,४४,००० व्याज मिळेल, ते त्याच्या पगारात मिसळून त्याच्या दराने कर लागेल. त्याला हे आधी सांगा, नाहीतर जुलैत फोन येईल. नफ्याचा वाटा मात्र भागीदाराच्या हातात करमुक्त.

कंपनीतही पगार देऊन साधारण असंच जमतं, पण उरलेला नफा बाहेर काढायचा तर लाभांश, आणि तो भागधारकाच्या हातात पुन्हा करपात्र. थोडक्यात, नऊ-दहा लाखांच्या नफ्याला करासाठी रचना निवडणं हे भाजीच्या पिशवीसाठी टेम्पो ठरवण्यासारखं आहे. नफा पन्नास-साठ लाखांवर गेला आणि तो घरी न नेता दुसरं युनिट टाकायला आतच ठेवायचा असेल, तेव्हा ३१.२ आणि २५.१७ यांतला फरक खरा दिसतो. तेव्हा कंपनीचा विचार करू. बाहेरचा गुंतवणूकदार हिस्सा मागत आला तरी कंपनीच लागेल, कारण त्याला शेअर हवे असतात.

एक नवी गोष्ट, जी जुने हिशेबनीसही विसरतात. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला मेहनताना आणि व्याज मिळून वर्षात वीस हजारांच्या पुढे गेलं की १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा आहे. फर्मलाही आणि एलएलपीलाही. तुमचा कर शून्य असेल तर तो परत मिळेल, पण कापून वेळेत भरायचा विसरलात तर खर्च नामंजूर होण्याची आणि व्याजाची कटकट लागते. कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात सगळे आकडे बदललेत.

एलएलपीचा खर्चही सांगायला हवा, नाहीतर मी तिचा एजंट वाटायचो. वार्षिक विवरण ३० मेपर्यंत, हिशेबाचं विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत, धंदा झाला असो वा नसो. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट. शिवाय लहान धंद्याला विक्रीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून मोकळं होण्याची जी सोय आहे, ती साध्या फर्मला मिळते, एलएलपीला मिळत नाही. पण साध्या फर्मने ती घेतली तर त्या नफ्यातून भागीदारांचा मेहनताना आणि व्याज वजा होत नाही, सगळ्यावर सरळ ३० टक्के. त्यामुळे फर्मसाठी ती सोय दिसते तेवढी गोड नाही. एकट्या मालकाला मात्र छान.

इथे मला तुमच्या ६० लाखांबद्दल बोलायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात ४०० किलो गेले, म्हणजे २ लाख ४० हजार. ६० लाख म्हणजे त्याच भावाने दहा टन. महिन्याला आठशे किलोंहून जास्त. ओळखीपाळखी संपल्यावर दुकानदार कमिशन मागणार, दीड महिना उधार ठेवणार. तुम्ही वीस-पंचवीस लाख केलेत तरी मी पाठ थोपटेन. आकडा कमी धरला तर ऑडिटचा खर्च टळतो, कर्जाचा हप्ताही लहान घ्याल. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालाच्या विक्रीला ४० लाख आहे, पण कर्नाटकात माल पाठवायचा असेल (जयसिंगपूरहून चिकोडी-निपाणी किती लांब!) तर मर्यादेची वाट न बघता नोंदणी घ्या.

आता मित्र. दोन गोष्टी त्याला स्पष्ट विचारा. एक, त्याच्या नोकरीच्या करारात दुसऱ्या धंद्याबद्दल काय लिहिलंय? आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात बहुतेक वेळा बंदी किंवा लेखी परवानगीची अट असते. एलएलपीत किमान दोन नियुक्त भागीदार (कायदेशीर पूर्ततेची जबाबदारी घेणारे) लागतात, ते तुम्ही आणि मेहुणा व्हा. मित्र नुसता भागीदार राहू दे. तरी नाव सरकारी कागदावर येणारच, म्हणून त्याने परवानगीचा मेल घेऊन ठेवावा. ‘बायकोच्या नावावर करू’ हा उपाय निघेलच. पैसे त्याचे आणि नाव तिचं असेल तर उत्पन्न त्याच्याच खात्यात धरलं जाण्याचा धोका आहे, आणि भांडण झालं तर तिघांच्या जागी चौघं भांडतात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: त्याला भागीदार व्हायचंय की पैसे वाढवून हवेत? मी हे विचारतो तेव्हा दहातले चार जण थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, खरं तर मला एफडीपेक्षा थोडं जास्त मिळालं तर पुरे. असं असेल तर त्याला भागीदार करूच नका. १२ लाखांचं कर्ज म्हणून घ्या, व्याजाचा दर, परतीच्या तारखा कागदावर, पैसे बँकेतून. त्याची जबाबदारी शून्य, नोकरीला धोका नाही, आणि तुम्हा दोघांना निर्णयासाठी पुण्याला फोन करायला नको. पण धंदा बुडाला तरी कर्ज फेडायचं असतं, हे तुमच्या बाजूने लक्षात ठेवा. भांडवल बुडतं ते त्याचं, कर्ज राहतं ते तुमचं.

म्हणून माझं उत्तर दोन भागांत आहे. मित्र भागीदार राहणार असेल तर एलएलपी. मित्र कर्ज देणारा होणार असेल तर तुम्ही आणि मेहुणा, हवं तर सासूबाईंना घेऊन, साधी भागीदारी करा, पण नोंदणीकृत. प्रायव्हेट लिमिटेड आत्ता नाही. हे मी सावधपणातून म्हणतोय असं नाही. फर्मची एलएलपी होते, फर्मची किंवा एलएलपीची कंपनी होते, अटी पाळल्या तर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. उलट वाट अरुंद आहे. कंपनीची एलएलपी करताना करसवलत हवी तर आधीच्या तिन्ही वर्षांत उलाढाल ६० लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ कोटींच्या आत लागते. चढता येतं, उतरता येत नाही असा जिना आहे तो. एकच अपवाद: सरकारी योजनेचं अनुदान घ्यायचं असेल तर काहीही नोंदवण्याआधी सांगलीच्या नाहीतर कोल्हापूरच्या, तुमचा गाव ज्या जिल्ह्यात येतो तिथल्या, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत अर्जदार कोण चालतो याचे नियम ठरलेले आहेत, तिथे भागीदारी करून गेलात तर परत पाठवतील.

आणि जे काही कराल त्याचा करारनामा तयार नमुन्यावर नाव बदलून करू नका. एलएलपीचा करार स्थापनेनंतर तीस दिवसांत दाखल करायचा असतो, त्या घाईत लोक नमुना चिकटवतात. मला विचाराल तर करारात तीन कलमं स्वतः बसून लिहा, भाषा वकील सुधारेल. किती रकमेच्या वरच्या खरेदीला दोघांच्या सह्या. कुणाला बाहेर पडायचं असेल तर किती महिन्यांची नोटीस, हिशोब कशावर, पैसे किती हप्त्यांत. आणि मृत्यू.

हे तिसरं कुणाला लिहायला आवडत नाही. घरात अमंगळ वाटतं. दहाएक वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका फर्ममधला थोरला भागीदार हातकणंगल्याजवळ अपघातात गेला. करारात मृत्यूबद्दल एक ओळ नव्हती. अशी ओळ नसेल तर भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, भागीदारी कायद्याचं कलम ४२. बँकेने खातं थांबवलं. बाजारात दिलेले पुढच्या तारखांचे अकरा चेक परत गेले. बाराव्या दिवशी मयताची बायको आणि धाकटा भागीदार माझ्यासमोर बसले होते, दोघंही रडत होते आणि दोघांनाही एकमेकांचा संशय येत होता. वारसाला काय, किती दिवसांत आणि धंदा चालू राहील की नाही, एवढ्या चार ओळी असत्या तर त्या दोघांनी आजही एकमेकांच्या घरी चहा घेतला असता.

ब्रँडचं नावही याच बैठकीत मिटवा. एलएलपीचं किंवा कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड तुमचा झाला असं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा, मसाल्यांसाठी वर्ग ३०, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. तो अर्ज मेहुण्याच्या नावाने न करता संस्थेच्या नावाने करा. पाकिटावर सासूबाईंचं नाव आणि फोटो टाकायचा विचार असेल (डिझाइनमध्ये तसं दिसतंय) तर त्यांची लेखी संमती घ्या, आणि रॉयल्टीचा आकडा त्याच कागदावर.

शेवटचं, आणि हे आजच करा. छपाईवाल्याला थांबवा. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा नंबर छापावा लागतो, आणि तो परवाना ज्या नावाने धंदा करणार त्याच नावाने निघतो. मालक बदलला की पॅन बदलतो, जीएसटी नंबर बदलतो, परवाना बदलतो. इचलकरंजीच्या एका चटणीवाल्याने प्रोप्रायटरशिपच्या नावाने चाळीस हजार पाकिटं छापून घेतली आणि दोन महिन्यांत भावाला भागीदार केलं. अजून त्याच्या माळ्यावर ती पोती आहेत, गणपतीत मखराच्या मागे लावतात.

सासूबाई, मेहुणा, मित्र आणि तुम्ही असे चौघं एकत्र बसा, मित्र व्हिडिओवर चालेल. तो कोरा कागद भरा आणि मला कळवा की मित्र भागीदार आहे की कर्ज देणारा. पुढचं दोन आठवड्यांचं काम आहे.